खिशातला संगणक कुणाच्या मालकीचा?

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतो. म्हणजे आपल्या पोरांनी सेकंडहँड घेतलेले कितीतरी लॅपटॉप एका तारखेला जुनाट ठरले. यंत्र धडधाकट आहे, पण ते भंगार कधी म्हणायचे हे दुसराच ठरवतो.

आपल्याकडचा उपाय ठरलेला आहे. दुकानात जायचे आणि क्रॅक केलेले विंडोज टाकून घ्यायचे. आमचा त्याला विरोध आहे, आणि तो नीतीच्या गप्पांसाठी नाही. क्रॅकसोबत आत काय आले हे दुकानदारालाही माहीत नसते. भीमा कोरेगाव खटल्यातील रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये मालवेअर वापरून कागदपत्रे घुसवली गेली, असा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने 2021 मध्ये मांडला. ते मालवेअर ईमेलमधून आले होते, हे खरे. पण चळवळीतल्या माणसाने आपणहून दार उघडे का ठेवावे? लिनक्स हे काही चिलखत नव्हे. अनोळखी फाइल तिथेही उघडू नयेच.

आम्ही म्हणतो, आधी 16 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. लिनक्स मिंट किंवा उबुंटूची आयएसओ फाइल उतरवून रूफसने त्यावर चढवा. पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, तेव्हा फोटो आधी काढून ठेवा. लॅपटॉप सुरू होताना एफ12 किंवा एस्केप दाबून (कंपनीप्रमाणे बटण बदलते) पेनड्राइव्ह निवडा. आतल्या डिस्कला हात न लावता सगळे रॅममध्ये चालते आणि बंद केले की पुसले जाते. काम टिकवायचे असेल तर रूफसमध्ये पर्सिस्टन्सची जागा राखा. रोजच्या वापराला मात्र बाहेरची एसएसडी बरी. सतत लिहून पेनड्राइव्ह लवकर थकतो. एसएसडीवर इन्स्टॉल करताना बूटलोडर आतल्या डिस्कवर जाऊन बसण्याचा धोका असतो. जमल्यास आतली डिस्क काढूनच ठेवा. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या. लॅबच्या संगणकाला लावायचे तर विचारून लावा.

1950 मध्ये बाबासाहेबांनी या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले. मराठवाड्यातल्या ज्या पोरांच्या घरात पुस्तक नव्हते, त्यांना नागसेनवनात ग्रंथालय मिळाले. आज ज्याच्या घरात संगणक नाही, तो आपली सगळी यंत्रणा खिशात घालून मित्राच्या लॅपटॉपवर बसू शकतो. शिवाय लिनक्सचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. ज्यांच्या पूर्वजांना वाचायचीच बंदी होती, त्यांनी हा हक्क फुकट मिळतो म्हणून हलका समजू नये. मुक्त सॉफ्टवेअरच्या बैठकांतही आपली पोरे मोजकीच दिसतात, हे वेगळे भांडण. तेही भांडायचे आहे.

मराठीसाठी सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडा. जुन्या कृतिदेवमधली पत्रके तिथे नीट दिसणार नाहीत, ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. जयंतीच्या पत्रकापासून सुरुवात करा, ते दरवर्षी लागतेच.