तपकिरी रेघा

भूगोलाशी माझं शाळेपासूनच पटलं नाही. मी मराठीचा प्राध्यापक झालो, तो काही अंशी भूगोलापासून पळ काढूनच. पण गेल्या मे महिन्यात या विषयानं मला अखेर गाठलंच, आणि तेही अंबरनाथच्या गाडीत!

त्याचं असं झालं. डोंबिवलीच्या माझ्या मेहुण्यांनी बदलापुरात नदीकाठी तळमजल्यावरचा ब्लॉक हेरून ठेवला होता. "साहेब, खिडकीतून नदी दिसते!" असं दलालानं सांगितल्यापासून बहीण हरखून गेली होती. ती जागा पाहायला आमची वरात निघाली. नववीतल्या भाच्याला सुटीत नकाशावाचनाचा पाठ करायचा होता. त्यानं सर्व्हे ऑफ इंडियाचा ४७ ई/४ हा नकाशा छापून आणला होता.

"मामा, दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर," असं म्हणत त्यानं रुळांच्या रेघेवर दोरा वाकवून ठेवला. अंबरनाथ ते बदलापूर सोळा सेंटिमीटरच्या आसपास भरलं. म्हणजे आठ किलोमीटर! हा हिशेब मला चाळिशी उलटल्यावर कळला, हे इथं प्रांजळपणे सांगून टाकतो.

उल्हासनगर आलं. नकाशात इथं तपकिरी रेघा जवळजवळ नाहीतच. या रेघा म्हणजे समोच्च रेषा; एकीपासून दुसरीपर्यंत वीस मीटरचा चढ. रेघ नाही म्हणजे जमीन सपाट. दुसऱ्या महायुद्धात इथं लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार मांडले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीला नदीवरून 'उल्हासनगर' हे नाव मिळालं. छावणी जाऊन किती वर्षं झाली, पण पत्ता अजून 'कॅम्प नंबर'नंच सांगतात!

अंबरनाथला उतरून शिवमंदिर पाहिलं. १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की उन्हाळ्यातही अंग शहारतं. भिंतींचा दगड सह्याद्रीचाच काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. शेजारून वालधुनी वाहते. नकाशात ती निळीशार आहे. प्रत्यक्षात कारखान्यांच्या सांडपाण्यानं तिचा रंग सांगवत नाही. नकाशा खोटं बोलत नाही, पण सगळं खरंही सांगत नाही, ही पहिली शिकवण मला तिथं मिळाली.

बदलापूरचा ब्लॉक खरोखर सुरेख होता. खिडकीतून उल्हास नदी संथ, शहाण्या मुलीसारखी वाहताना दिसत होती. मेहुणे बयाण्याचे पैसे काढणार, तोच भाचेबुवांनी ओट्यावर नकाशा पसरला.

"बाबा, नदी आणि आपलं घर यांच्यामध्ये एकही तपकिरी रेघ नाही."

"मग चांगलंच की! चढ नाही," दलाल म्हणाला.

"चढ नाही म्हणजे पाण्याला अडथळाही नाही, काका."

मग त्यानं निळी रेघ बोटानं उलटी नेली. नदीचा उगम दुसऱ्या पानावर निघाला. राजमाचीच्या डोंगरात रेघा एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे उभा कडा. तिथलं पाणी धावत सुटतं. कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येतं. इथं रेघा विरळ होतात. मग पाणी धावायचं सोडून पसरतं. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान याच पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते मला आठवलं.

"पण असा पाऊस रोज थोडाच पडतो?" मेहुणे म्हणाले.

भाच्याजवळ पावसाचा स्तंभालेखही होता. जुलैचा खांब सर्वांत उंच. "पण ही सरासरी आहे," तो म्हणाला. "२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. सबंध जुलैच्या सरासरीहून जास्त! तो दिवस या खांबात दिसतच नाही."

तरी वीस मीटरच्या आतला उंचसखलपणा नकाशाला ठाऊक नसतो. तो विचारायला आम्ही कोपऱ्यावरच्या चहावाल्या आजींकडे गेलो. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरची एक पुसट रेघ दाखवली. ती माझ्या छातीला लागत होती. तीही तपकिरीच होती, गाळाची.

बयाणा खिशातच राहिला. बहीण परतीच्या गाडीत जरा हिरमुसली होती. पुढं दिवाळीच्या आत त्यांनी स्टेशनच्या पलीकडं, दोन रेघा चढून, दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. खिडकीतून नदी दिसत नाही. यंदा जुलैत पाऊस धो धो कोसळत असताना बहिणीचा रात्री फोन आला. मी धसकलोच.

"काही नाही रे," ती म्हणाली, "झोपायला चाललो होतो, म्हटलं तुला सांगावं."