वाडीच्या वाटेने: वांसदा ते जव्हार

डोंगरउतारावरच्या एकरभर जमिनीत आंबा-काजूची कलमे, त्यांच्या ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यांत नागली, भात, कडधान्य किंवा भाजीपाला आणि बांधाच्या कडेने साग, बांबू, शेवरी, गिरिपुष्प अशा लाकूडफाट्याच्या व चाऱ्याच्या झाडांची दाट रांग, अशा मांडणीला दक्षिण गुजरात आणि उत्तर कोकणाच्या आदिवासी पट्ट्यात वाडी म्हणतात. शेतीशास्त्रात ती कृषिवनीकरणाचा एक प्रकार ठरते. झाड आणि पीक एकाच जमिनीवर, एकाच कुटुंबाच्या हाताखाली वाढवायचे, म्हणजे एकाचे उत्पन्न येईपर्यंत दुसऱ्याने घर चालवायचे, हा तिचा गाभा आहे. हा प्रयोग जिथे सुरू झाला आणि जिथे पुढे पसरला तो मुलूख पाहायला एप्रिलच्या अखेरीस मी नाशिकहून निघालो. वणी, सापुतारा, वघईमार्गे वांसदा, तिथून धरमपूर, मग खानवेलवरून जव्हार, अशी वाट होती.

वाडीची परीक्षा पाहायला एप्रिल हाच महिना योग्य. पावसाळ्यात या भागात सगळेच हिरवे दिसते. जव्हारच्या पठारावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि वाटेवरच्या कपराड्याला तर गुजरातचे चेरापुंजी म्हणतात. पण हे सारे पाणी चार महिन्यांत उतारावरून वाहून जाते. माती उथळ, खाली काळा कातळ. दिवाळीनंतर विहिरी खाली जाऊ लागतात आणि होळीनंतर बाया हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात. झाड जगते की मरते हे या दोन-तीन महिन्यांत ठरते.

सापुताऱ्याचा घाट उतरला की डांगचे सागवान सुरू होते. उन्हाळ्यात त्याची पाने झडलेली असतात आणि रस्ताभर वाळक्या पाल्याचा खच पडलेला असतो. वघईपासून पुढे शेते दिसू लागतात आणि त्यांच्यात ठिकठिकाणी काळे चौकोन. हे राब. भात आणि नागलीची रोपे तयार करण्यासाठी जमिनीच्या तुकड्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि वर मातीचा थर देऊन तो भाजतात. तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते. या फांद्या मुख्यतः ऐनाच्या. दरवर्षी छाटून छाटून खांबासारखी उरलेली ऐनाची झाडे बांधाबांधावर उभी आहेत. शेतात झाड राखण्याची रीत इथे कुणी बाहेरून आणलेली नाही. मोह, ऐन, पळस, शिवण, आंबा ही झाडे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पिकात ठेवत आला आहे. कमी होती ती दोन गोष्टींची: झाडापासून हमखास पैसा आणि त्या झाडावर आपला हक्क.

उताराची जमीन वरकस. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी, मग काही वर्षे पडीक, असा तिचा जुना फेरा होता. जमीन कमी पडू लागली तसा पडीक काळ आखडला. माती धुपत गेली आणि पीक घटत गेले. नागली घरात येऊन संपेपर्यंत पौष उजाडतो. मग कुटुंब कामाच्या शोधात निघते: कुणी नाशिककडे द्राक्षबागांत, कुणी वापीच्या कारखान्यांत, कुणी भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर. वांसद्याच्या अलीकडच्या एका पाड्यावर निम्म्याहून अधिक घरांच्या दारांना बाहेरून काटकी अडकवलेली होती. म्हाताऱ्या आणि शेळ्या मागे राहिल्या होत्या.

याच वांसदा तालुक्यात १९८२ साली बाएफ या संस्थेने वाडीचा कार्यक्रम सुरू केला. बाएफचे संस्थापक मणिभाई देसाई मूळचे सुरत जिल्ह्यातले. १९४६ साली ते गांधीजींबरोबर पुण्याजवळच्या उरुळीकांचनला आले आणि तिथल्याच ग्रामसेवेत राहिले. संकरित गाईंच्या कामासाठी १९६७ मध्ये त्यांनी भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच बाएफ, उभारले. वाडीचे काम सुरू झाले त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गुजरातचा माणूस महाराष्ट्रात राबला, त्याच्या संस्थेने गुजरातच्या सीमेवर प्रयोग केला आणि तो पुढे महाराष्ट्रात आला. या सीमेवर राज्ये तशीही एकमेकांत मिसळलेलीच आहेत. वांसद्याच्या कोकणा समाजाची बोली नाशिकहून गेलेल्या मराठी माणसाला फारसे अडखळू न देता समजते.

मूळ आखणी साधी होती. प्रत्येक कुटुंबाची एक एकर जमीन घ्यायची. दहा-दहा मीटरवर आंबा धरला तर एकरात सुमारे चाळीस कलमे बसतात, काजू जवळ लावतात. आंबा एका वर्षी कमी आला तर काजू हात देतो, म्हणून दोन्ही हवेत. कडेने शेकड्यांत वनझाडे. त्यांच्यापासून चौथ्या-पाचव्या वर्षी सरपण, मेढी, वासे मिळू लागतात आणि वाराही अडतो. त्याच्या बाहेर सागरगोटा, निवडुंग, घायपात, मोगली एरंड यांचे जिवंत कुंपण.

वांसदा–धरमपूर रस्त्याच्या आत एका उतारावर जूनच्या लागवडीसाठी खड्डे खणण्याचे काम चालू होते. मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा. वरची काळसर माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. खड्डा महिनाभर उन्हात उघडा ठेवायचा म्हणजे मातीतली कीड मरते. पावसाच्या तोंडावर वरचीच माती, शेणखत आणि पाला घालून तो भरायचा. मुरूम परत आत टाकायचा नाही, खालच्या अंगाला त्याचा अर्धचंद्रासारखा बांध घालायचा. ओळी सरळ नव्हत्या, उताराला आडव्या वळत गेल्या होत्या. ही समपातळी शोधायला लाकडाची तीन दांडक्यांची चौकट वापरतात, मधोमध दोरीला दगड लोंबतो. दोरी आडव्या दांडक्याच्या मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजायचे. ती चौकट चालवणारी बाई अक्षरओळख नसलेली होती, पण तिच्या आखणीत कुठे चूक नव्हती. नवराबायको दोघे मिळून दिवसाला दोन-तीन खड्डे काढतात आणि कातळ लागला तर एकच. चाळीस खड्ड्यांचा हिशेब केला की या कामाला किती घाम लागतो ते कळते. म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांत या श्रमांना कामाप्रमाणे मोबदला देणे आवश्यक ठरले. रिकाम्या पोटी कुणी पाच वर्षांनी येणाऱ्या आंब्यासाठी खड्डा खणत नाही.

कलम लावल्यावर खरी कसोटी. जोडाखालून येणारी गावठी फूट वेळच्या वेळी खुडावी लागते, नाहीतर कलम मरते आणि रायवळ झाड उरते. पहिली तीन वर्षे मोहोर काढून टाकावा लागतो, आणि घरात पैशाची चणचण असताना मोहोर खुडणे सोपे नाही. पाण्यासाठी कलमाशेजारी मडके पुरतात. त्याच्या तळाला बारीक छिद्र, त्यात चिंधीची वात. हंडाभर पाणी मडक्यात ओतले की ते अनेक दिवस मुळांशी झिरपत राहते. त्यात पाणी घालायला मात्र उन्हाळाभर कुणीतरी घरी असावे लागते.

इथे पिकाचे महत्त्व कळते. आंब्याला धरायला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर दहा मीटरच्या पट्ट्यात नागली, उडीद, तूर, भात आणि पाण्याची सोय असेल तिथे वांगी, मिरची, कारली घेतात. पिकाला घातलेले खत आणि केलेली निंदणी कलमालाही मिळते. राखणीला माणूस शेतात येतो, तो कलमाकडेही बघतो. केवळ फळझाडे लावून दिलेल्या अनेक योजनांत झाडे मेली, कारण त्या शेतात जायला शेतकऱ्याला दुसरे कारणच नव्हते. माझ्या मते वाडीचे सारे यश या एका गोष्टीत आहे: झाडाला पहिली पाच वर्षे त्याच्या शेजारचे पीक जगवते.

पुढे नाते बदलते. आठ-दहा वर्षांनी आंब्याची सावली पसरते आणि नागलीचे कणीस बारीक होऊ लागते. जाणते शेतकरी मग पट्ट्यात हळद, आले, सुरण अशी सावली सोसणारी पिके घेतात. कडेची वनझाडेही पिकाशी भांडतात. निलगिरीच्या बाजूच्या दोन-तीन ओळी खुरटलेल्या दिसतात, म्हणून झाडे आणि पीक यांच्यामध्ये चर खणून मुळे तोडतात. गिरिपुष्पाचे तसे नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरतात आणि पाला भातात गाडला की खत होते. जिथे तो पुरेसा आहे तिथे ऐनावरची कुऱ्हाड आणि राबाची भाजणी, दोन्ही कमी होऊ शकतात.

मोकाट गुरे हा वाडीचा मोठा शत्रू. खरीप उरकले की गुरे सोडून द्यायची ही जुनी रीत आहे. एकट्याची वाडी त्यात टिकत नाही. म्हणून शेजारशेजारच्या कुटुंबांचे गट आणि गावपातळीवर समिती असे संघटन झाले. चराई कुठे, कधी, दंड किती, हे समिती ठरवते. कलमांची रोपवाटिका, खतांची खरेदी, फळांची विक्री हीही कामे गटाकडे आली. जुलैत कोवळ्या तांबूस रोपावर आंब्याची काडी बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधण्याचे काम अनेक गावांत बाया करतात आणि लागवडीच्या हंगामात त्यांना त्यातून रोख मिळते.

माल वाढला तसा बाजाराचा प्रश्न आला. हंगामात सगळ्यांचा केसर आणि राजापुरी एकदमच उतरतो आणि दलाल भाव पाडतो. वांसद्याच्या बाजूला शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने लोणचे आणि काजूगराचे कारखाने काढले. ‘वृंदावन’ या नावाने हा माल विकला जातो. काजू फोडण्याचे काम पाहण्यासारखे आहे. बी आधी वाफेवर शिजवतात, मग पायाने दाबायच्या पात्यात धरून टरफलाचे दोन भाग करतात आणि सुईसारख्या टोकाने गर अखंड काढतात. टरफलातले तेल कातडी जाळते, म्हणून बाया हातांना तेल किंवा राख लावून बसतात. अखंड गराला जो भाव मिळतो तो तुकड्याला मिळत नाही, त्यामुळे सारे कौशल्य त्या एका झटक्यात.

धरमपूर भागात जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या मदतीने आणि नाबार्ड या शेती व ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेमार्फत १९९५ पासून हेच काम मोठ्या प्रमाणावर झाले. त्या अनुभवावर २००३-०४ मध्ये नाबार्डने आदिवासी विकास निधी स्थापन केला आणि वाडी देशातल्या अनेक राज्यांत गेली. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड चालू होतीच. तिने कोकणात आंबा-काजूखालचे क्षेत्र खूप वाढवले. २०१४ मध्ये भारताने राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण स्वीकारले.

खानवेल ओलांडून रस्ता जव्हारच्या पठारावर चढतो. १९९२ च्या सुमारास वावर-वांगणी या गावांत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी हा तालुका महाराष्ट्राला हादरवून गेला होता. इथे वाडी आली ती त्या पार्श्वभूमीवर, आणि तिने एक चांगली भर घातली: मोगरा. काजूच्या ओळींत किंवा घरामागच्या पाच-दहा गुंठ्यांत मोगऱ्याची झुडपे लावतात. दुसऱ्या वर्षापासून कळ्या येतात. मी गेलो त्या पाड्यावर पहाटे सारे घर कळ्या खुडत होते. कळी फुगलेली पण मिटलेलीच हवी, उमलली की बाजारात तिची किंमत जाते. ऊन चढायच्या आत खुडून, ओल्या फडक्यात बांधून ती गाडीवर चढते आणि दादरच्या फूलबाजारात पोचते. “आंब्याचे पैसे वर्षातून एकदा, मोगऱ्याचे रोज,” घरमालकाने हिशेब सांगितला. या घराला वीटभट्टीवर जावे लागले नव्हते. मोगऱ्यासाठी आणलेल्या पाण्यात शेजारची काजूची कलमेही हिरवी होती.

अडचणी मोठ्या आहेत आणि त्या झाकू नयेत. अवेळी पाऊस झाला की मोहोर काळा पडतो. काजूवर ढेकण्या, आंब्यावर तुडतुडे येतात. फवारणी शिकवणारा माणूस वेळेवर भेटत नाही. स्वतः लावलेला साग तोडायलाही परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागतात, त्यामुळे बांधावर साग लावायला शेतकरी कचरतो. २०१७ मध्ये वनाबाहेर वाढवलेला बांबू वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून निघाला आणि त्याची अडचण बरीच सुटली. सर्वांत वाईट स्थिती त्यांची, ज्यांच्या कसलेल्या जमिनीवर नावच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने दावा करता येतो, पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत कलम लावायचे धाडस कोण करणार?

उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत खड्डे आणि वाटलेली रोपे मोजली जातात. मोजायचे असेल तर तिसऱ्या उन्हाळ्यात जिवंत असलेली कलमे मोजावीत आणि त्या एप्रिलमध्ये किती दारे उघडी आहेत तेही मोजावे. वाडीला पैसा देणाऱ्या प्रत्येक सरकारी विभागाने, बँकेने आणि संस्थेने कलमाआधी तीन गोष्टी द्याव्यात: जमिनीचा कागद, पहिल्या तीन उन्हाळ्यांचे पाणी आणि ओळींमधल्या पिकाचे बियाणे.