हवा

आमच्या घरी गेल्या महिन्यात एका कॉम्प्युटरला गॅस झाला होता. हसू नका, खरंच!

झालं असं, की मी घरून थ्रीडी रेंडरिंगची कामं करतो. मशीन रात्र-रात्र चालतं आणि पंखे असे काही ओरडतात की बायकोनं बेडरूमचं दार लावून घेणं सोडलंच, कारण उपयोग नाही. म्हणून या वेळी हौसेनं वॉटर कूलिंग बसवलं, तेही सुटे भाग आणून. प्रोसेसरवर तांब्याचा ब्लॉक, तिथून नळीनं केसच्या छताला लावलेला रेडिएटर, मग टाकी, टाकीखाली पंप आणि पुन्हा ब्लॉक. मदरबोर्डला वीज न देता नुसता पंप फिरवायचा, तर पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरला पेपरक्लिपनं जोडायची असते. तेही केलं. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवून चोवीस तास वाट पाहिली. एक थेंब गळला नाही. मी खूश.

पण पाणी नळीतून जाताना ताकासारखं पांढुरकं दिसत होतं आणि छतातून सारखी गुडगुड. तरी धीर न धरता रेंडर लावला, तर प्रोसेसर बघता बघता नव्वदच्या पुढे. बरोबरच आहे म्हणा. तेवढ्याच जागेतलं पाणी हवेच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं. ब्लॉकच्या बारीक खाचांत बुडबुडा अडकला की तिथं पाणी तांब्याला शिवतच नाही. शिवाय प्रवाहही मंदावतो.

काम सोमवारी द्यायचं होतं आणि शुक्रवारची रात्र निम्मी सरली होती. पंपाला एक ते पाच अशी चकती असते, मी ती पाचवर नेली. जोर लावला की हवा बाहेर पडेल असा आपला हिशोब. पडली नाहीच, उलट मोठ्या बुडबुड्यांचे हजार बारीक झाले आणि सगळा फेस.

दोन वाजले असतील. मागे आबा येऊन उभे होते. जानेवारीत आई गेल्यावर मी त्यांना गावाहून पुण्याला आणलं, तेव्हापासून ते दिवसभर खिडकीत बसायचे. विचारलं तेवढं बोलायचे. रात्री मात्र दोनला जाग यायची. शेतीची लाईट रात्रपाळीची, जन्मभराची सवय.

"मोटारीनं हवा धरलीया," म्हणाले.

मी जरा तुसडेपणानंच म्हटलं, "आबा, हे वेगळं असतं. झोपा तुम्ही."

ते झोपायला गेले नाहीत. मोडा ओढून बसले. थोड्या वेळानं पुन्हा, "बंद कर की जरा. हवेला वर यायला सवड नगं?"

वैतागून बंद केलं. आणि मग दिसलं. पंप थांबल्यावर बारीक बुडबुडे एकमेकांना चिकटून मोठे होत वर सरकायला लागले. दोन मिनिटांनी हळू चालू केला, तर एक भला थोरला बुडबुडा टाकीत येऊन फुटला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. आबा खाली वाकले. "पाणी कमी हाय, भवरा पडतोय बघ. हिरीत पाणी तळाला गेलं की असंच वरून हवा वढती." टाकीत खरंच छोटा भोवरा होता. काढलेली हवा मी परत आत ओढत होतो! पाणी घातलं.

"वरचं टोक कंचं हेचं?"

वरचं टोक रेडिएटरचं, आणि टाकी त्याच्या खाली. म्हणजे हवा बसणार तिथंच. टाकीचं झाकण घट्ट लावलं आणि दोघांनी केस उचलून तिरकी केली, रेडिएटरची तोंडं वर येतील अशी. पंपाचं तोंड मात्र पाण्यातच राहायला हवं, कारण या पंपाचं बेअरिंग पाण्यानंच ओलं राहतं, कोरडा फिरला की गेला. आबांनी जड बाजू धरली. आतून 'बुळूक' असा आवाज झाला आणि त्यांनी मान डोलावली.

चार वाजता चहा करताना ते आपणहून बोलायला लागले. फूटव्हॉल्व्ह गळायचा म्हणून रोज रात्री पंप बादलीनं भरायला लागायचा. ते पाणी ओतायचे, आई टॉर्च घेऊन एअर कॉकशी बसायची. फुसफुस संपून सलग धार आली की ती म्हणायची, "आली." मग हे बटण दाबायचे. "तिच्याबिगर मोटार कधी लागली न्हाई," म्हणाले आणि बशीत चहा ओतला. जानेवारीनंतर आईचं नाव पहिल्यांदाच निघालं होतं.

रेंडर सोमवारी गेला. आता पूर्ण लोडवरही तापमान सत्तरच्या आसपास राहतं आणि आवाज नाही. पुढच्या बुधवारी आबा गावी परतले. पाण्याची पाळी आहे म्हणाले. मी अडवलं नाही.

रोज फोन करतो. हो-नाही, जेवलो, बरंय, संपलं. परवा मी उगाचच म्हटलं, "आबा, मोटारीनं परत हवा धरलीय हो."

पंचवीस मिनिटं बोलत होते.