मेकॅट्रॉनिक्सचा हिशेब

भाची दहावी झाली, आता आयटीआयला मेकॅट्रॉनिक्स करायचं म्हणते. दोन वर्षांचा ट्रेड. सरकारी आयटीआयची फी परवडते, खासगीची ताईला जड जाईल. शिवाय रोजचं बसभाडं, आणि तोवर कमाई नाही.

पण चाकणला कारखान्यात एखादी लाइन अचानक थांबते, मोटर ठीक असते आणि सेन्सरचा सिग्नलच येत नसतो, तेव्हा पॅनल उघडून मल्टिमीटर लावणारा, पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, प्रोग्रॅम वाचणारा माणूसच लागतो. तो हात नुसत्या सर्टिफिकेटने बसत नाही. पुढे अप्रेंटिसशिप करायलाच हवी. तिथे स्टायपेंडही मिळतो.

माझं मत पक्कं आहे. सरकारी जागा मिळाली तर सोडू नये. खासगीत पैसे भरण्याआधी वर्कशॉपमध्ये जा आणि पीएलसीचं किट चालू करून दाखवायला सांगा.