मुंग्यांतून उमटलेला किनारा

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एका जुन्या पाइपावर अ‍ॅल्युमिनिअमच्या दोन सळ्या आडव्या बसवल्या आहेत. प्रत्येकीची लांबी ५३ सेंटिमीटर, दोघींमधला कोन १२० अंशांचा. सळ्या जिथे एकत्र येतात तिथे वायरमन वापरतात तो प्लॅस्टिकचा कनेक्टर आहे. त्यातून निघालेली काळी केबल डक्टमधून दोन मजले उतरते, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरते, फ्रिजमागून माझ्या खोलीत येते आणि टेबलावरच्या बोटभर डोंगलमध्ये संपते. या सळ्यांनी मला जेवढं आभाळ दाखवलं, तेवढं मी मान वर करून कधी पाहिलं नव्हतं.

५३ हा आकडा कुठून आला, ते सांगायला मला फार आवडतं. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. हवामानाचे उपग्रह ज्या लहरींवर बोलतात, त्या सेकंदाला साधारण पावणेचौदा कोटी वेळा हेलकावतात. भागाकार केला की एका लाटेची लांबी निघते, सव्वादोन मीटरला थोडी कमी. तिचा चौथा हिस्सा घ्यायचा, धातूत लाट किंचित आखडते म्हणून बोटभर कापायचं, झाली सळी. केबल आणि कनेक्टर बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून आणले, सळ्या स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्याकडे उरलेल्या होत्या. डोंगल मुळात कॉम्प्युटरवर डिजिटल टीव्ही बघण्यासाठी बनवलेलं. २०१२च्या सुमारास हौशी मंडळींच्या लक्षात आलं, की आतली आरटीएल२८३२यू ही चिप हवेतला सिग्नल कच्चाच बाहेर देऊ शकते. मग बाकीचं सगळं काम सॉफ्टवेअरवर सोपवता आलं, आणि पूर्वी ज्याला खोलीभर यंत्रं लागायची ते टेबलाच्या कोपऱ्यावर मावलं.

माझा दिवस त्यामुळे घड्याळावर कमी आणि पासवर जास्त चालायचा. उपग्रह आपल्या आभाळातून एका क्षितिजाकडून दुसऱ्या क्षितिजाकडे जातो, त्याला आम्ही पास म्हणतो. सकाळी सात-साडेसातला नोआ-१५, मग थोड्या वेळाने नोआ-१९, आणखी पुढे नोआ-१८. संध्याकाळी पुन्हा तोच क्रम. अमेरिकेच्या हवामान संस्थेचे हे तिघे पृथ्वीपासून साधारण ८००-८५० किलोमीटरवरून एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे फिरायचे, दिवसाला चौदा फेऱ्या. त्यातल्या दोन-तीन आमच्या डोक्यावरून जाणार, हे आधीच मिनिटासह कळतं. फोनला गजर लावायचा. गजर झाला की चहाचा कप तसाच ठेवून मी टेबलाशी.

सकाळचा पास उत्तरेकडून येतो. आधी नुसता खरखराट, आणि स्क्रीनवर मुंग्या. ज्यांनी अँटेना फिरवून फिरवून दूरदर्शन पाहिलं आहे, त्यांना मुंग्या म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. मग खरखरीच्या तळातून एक बारीक शिट्टी वर येते, आणि त्या शिट्टीत ठेका असतो. टिक, टॉक, टिक, टॉक. आईच्या शिलाई मशीनचं पायडल संथ लयीत चालावं तसा. अर्ध्या सेकंदाला एक ठेका आणि ठेक्यागणिक चित्राची एक ओळ. वर उपग्रहात एक आरसा मिनिटाला ३६० वेळा फिरतो आणि दर फेरीला जमिनीची एक आडवी पट्टी टिपून घेतो. त्यातली दर तिसरी पट्टी खाली सोडली जाते. बारा मिनिटांत १४४० ओळी. हातमागावर धोटा इकडून तिकडे जावा आणि दर फेरीला वस्त्र एका धाग्याने वाढावं, तसं चित्र वाढतं. हिमालयाचं बर्फ आधी येतं. मग राजस्थानचं फिकट वाळवंट, कच्छचं रण, खंबातचं आखात. आणि मग सरळ रेषेत खाली उतरणारा आपला किनारा. या चित्राचा एकेक ठिपका चार किलोमीटरचा, त्यामुळे गावं दिसत नाहीत. पण आभाळ स्वच्छ असेल आणि धरण भरलेलं असेल, तर उजनी एखाद्या बारीक काळ्या रेघेसारखी ओळखू येते. शेवटी श्रीलंका, आणि पुन्हा मुंग्या.

पहिल्यांदा तो किनारा उमटला, ती सकाळ मला लख्ख आठवते. शाळेच्या नकाशात हजारदा गिरवलेला, कागदावर दाबून दाबून पेन्सिलीने काढलेला किनारा. या खेपेला तो थेट आमच्या टाकीशेजारी उतरला होता, मध्ये कुणीही नव्हतं. एका छोट्या एलईडी दिव्याला पुरेल एवढी, पाच वॉटची शक्ती उपग्रहावरच्या त्या प्रेषकाची. तेवढ्या आवाजात तो श्रीलंकेपासून तिबेटपर्यंत सगळ्यांशी एकाच वेळी बोलत होता आणि त्यातलं माझ्या वाट्याचं मला मिळालं होतं. मी आईला हाक मारली. ती पोळ्या अर्धवट ठेवून, पिठाचे हात तसेच धरून आली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हे आत्ताचं आहे? आत्ता, या घटकेचं?”

तेव्हापासून आईचं आणि त्या चित्रांचं जमलं. मे महिन्यात वाळवणाचे दिवस आले की रोज सकाळी विचारणा. “अरे, बघ रे, उद्या कुरडया घालू का?” मी तिला नेहमी सांगत आलो, की अंदाज शिमला ऑफिसचाच मानायचा. १९२८मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. पुणेकरांच्या तोंडी त्या कचेरीचं नाव अजून तेच. मला ढग दिसतात, त्या ढगांचं पुढे काय होणार हे सांगायला त्या मंडळींचं शास्त्र लागतं. पण २०२५च्या मे महिन्यात काही सांगायची वेळच आली नाही. रत्नागिरीसमोरच्या समुद्रावर ढगांचा एक मोठा गोळा बसला होता. सकाळी पाहावा तो दाट, संध्याकाळच्या अवरक्त चित्रात त्याहून पांढरा. अवरक्त चित्रात ढग जितका उंच तितका थंड आणि जितका थंड तितका पांढरा. आईचे गहू भिजून दोन दिवस झाले होते. तिने चित्र पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “चला, यंदा चीकच खायचा.” गव्हाचा चीक शिजवून, दूध-साखर घालून आम्ही वाट्या भरभरून खाल्ला, शेजारीही पोचवला. २४ मेला त्या ढगांमागचं कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोचला, नेहमीच्या १ जूनच्या आठ दिवस आधी, आणि २६ला मुंबईत.

त्याच आठवड्यात, २० मेला, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. आमच्या घरात त्यांची पुस्तकं तीन पिढ्यांनी वाचली आहेत. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते म्हणत, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठवा. प्रश्न आला की उत्तर जायचं आणि उत्तराखाली सही असायची. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर विश्वाच्या रचनेवर काम केलेला माणूस कुठल्यातरी शाळेतल्या पोराला शांतपणे दोन ओळी लिहीत बसायचा, हे मला त्यांच्या गणिताइतकंच मोठं वाटतं.

समोरच्या घरातली सातवीतली मुलगी त्या दिवसांत पास ऐकायला यायला लागली होती. एकदा शिट्टी ऐकता ऐकता तिने विचारलं, “काका, आपण ऐकतोय हे त्याला कळतं का?”

“नाही गं. त्याला काहीच कळत नाही.”

“मग तो बोलतो कुणाशी?”

“ज्याला ऐकायचं असेल त्याच्याशी.”

हे उत्तर मी तिला सहज दिलं, पण नंतर कितीतरी दिवस ते माझ्या डोक्यात घोळत राहिलं. अशी चित्रं खाली सोडायची पद्धत पहिल्यांदा टायरॉस-८ या उपग्रहावर डिसेंबर १९६३मध्ये वापरली गेली. साध्या यंत्रावर, कमी खर्चात, कुणालाही आपल्या डोक्यावरचे ढग बघता यावेत, ही त्यामागची कल्पना. जहाजांना, लहान देशांना, विद्यापीठांना. पासवर्ड नाही, वर्गणी नाही, नाव-गाव विचारणं नाही. ज्याच्या आभाळातून तो गेला, त्याचं चित्र त्याचं. त्यानंतरच्या साठ वर्षांत तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं, पण इतकं दिलदार यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. आज माझ्या हातातला फोन सकाळपासून माझ्याबद्दल काय काय गोळा करतो. नोआ-१५ मात्र सत्तावीस वर्षं आला तसा देऊन गेला.

ऐकणंही सोपं नसतं, हे मला आमच्या लिफ्टने शिकवलं. चित्रात मध्येच काळे-पांढरे आडवे ओरखडे यायचे. आठवडाभर मी केबल, कनेक्टर, डाग दिलेली प्रत्येक जागा तपासली. शेवटी लक्षात आलं, की कुणी लिफ्ट बोलावली की ओरखडा उमटतो. मोटर, मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, सगळे रेडिओत काही ना काही कुरकुरत असतात. सळ्या टाकीच्या पलीकडे हलवल्या तेव्हा चित्र निवळलं. त्यानंतर नारायणगावजवळच्या खोडदला गेलो, तेव्हा तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणी मी वेगळ्याच डोळ्यांनी पाहिल्या. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही मध्यभागी एकत्र, बाकीच्या तीन हातांवर, २५ किलोमीटरच्या परिसरात. त्या उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी जागा निवडताना शहराचा गलबला दूर राहील आणि भोवतालचे डोंगर आडोसा देतील, हे पाहिलं. तबकड्यांना भरीव पत्रा न लावता दोरखंडांवर ताणलेली तारेची जाळी वापरली, म्हणून त्या हलक्या झाल्या आणि आपल्या खिशाला परवडल्या. तिथे अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज ऐकतात. २०१६मध्ये मंगळावर उतरत असलेल्या युरोपच्या स्कियापारेली यानाचा क्षीण सिग्नलही तिथेच पकडला होता. दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे दारं उघडी असतात आणि आजूबाजूच्या शाळांची पोरं आपापले प्रयोग घेऊन येतात. मला वर्षातला तो सण वाटतो.

माझ्या त्या तिघांपैकी नोआ-१९वर माझा विशेष जीव होता. २००३मध्ये कारखान्यात त्याला आडवं करताना तो गाड्यावरून जमिनीवर कोसळला. ज्या चौकटीवर तो बसवायचा, तिचे २४ बोल्ट कुणीतरी काढून नेले होते आणि तशी नोंद केली नव्हती. हाडं मोडलेलं माणूस उभं करावं तसं त्याला पुन्हा उभं केलं, २००९मध्ये वर पाठवलं आणि सोळा वर्षं तो चोख चालला. नोआ-१५ सगळ्यांत थोरला. मे १९९८मध्ये गेलेला. दोन वर्षं टिकला तरी पुष्कळ, या हिशेबाने बनवलेला. अखेरच्या वर्षांत त्याच्या आरशाची मोटर अडखळायची, चित्राच्या ओळी विस्कटायच्या, आणि आता गेला म्हणेपर्यंत तो पुन्हा नीट चालायला लागायचा.

२०२५मध्ये एकेक करून ते थांबले. ६ जूनला नोआ-१८. १३ ऑगस्टला नोआ-१९. थोरल्याची पाळी १९ ऑगस्टला होती. आदल्या संध्याकाळी पावसाची झड लागली होती, पण या लहरींना पावसाची अडचण होत नाही. आम्ही तिघं टेबलाशी बसलो, मी, आई आणि ती मुलगी. संध्याकाळचा पास दक्षिणेकडून येतो. मुंग्या, मग शिट्टी, मग ठेका. खाली लंका, वर चढत चढत केरळ, आणि मग कोकणचा किनारा असा नव्हताच. सगळा एकसंध पांढरा ढग. त्या ढगाखाली कुठेतरी आमची इमारत, आमची खिडकी, आम्ही. मुलीने बोट ठेवलं, “आपण इथे.” आई काही बोलली नाही. पासच्या शेवटी आवाज क्षीण होत गेला, पण ठेका चुकला नाही. मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. नुसता खरखराट आणखी पाच मिनिटं नोंदला गेला आहे, आणि तोही मी जपून ठेवला आहे.

आता रशियाच्या मेटिऑर उपग्रहांची चित्रं घेतो. सळ्या त्याच चालतात. ठिपका एक किलोमीटरचा, चित्र कितीतरी स्वच्छ, उजनीचे फाटे मोजता येतात. सिग्नल डिजिटल असल्यामुळे ऐकू येते ती नुसती फसफस. त्या मुलीला मी डाग द्यायला शिकवलंय. आपल्या गॅलरीत तिने स्वतःच्या दोन सळ्या लावल्या आहेत, ५३-५३ सेंटिमीटरच्या, भागाकार तिचा तिनेच केला.

नोआ-१५ अजून वर फिरतोच आहे, न बोलता, त्याच कक्षेत. त्याची वेळही रोज तशीच काढता येते. तो गजर मी काढलेला नाही. तो वाजतो तेव्हा मी कधी अंघोळीला असतो, कधी भाजी आणायला खाली गेलेला असतो, आणि आई स्वयंपाकघरातून हाक मारते, “अरे, तुझा थोरला चाललाय बघ वरून.”