वस्तीची गाडी

मोटारीतच बिऱ्हाड थाटून हिंडायचे, ही कल्पना सुचली तेव्हा मी स्वतःवर भलताच खूष झालो. बिछाने, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी, सारे एका गाडीत! महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणसुद्धा जाहीर केले आहे. तेव्हा या चैनीला सरकारी आशीर्वाद आहे, असे मी सौ.ला पटवले. भाड्याचा आकडा मात्र थोडा कमी करून सांगितला.

खरे कारण होते अण्णा. माझ्या वडिलांना काचबिंदू आहे. नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसते, कडेचे दिसत नाही. आणि या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही. एस.टी.च्या चाकामागे ३३ वर्षे काढलेला हा माणूस. आमच्या पनवेलहून निघणारा गोव्याचा रस्ता (पूर्वी त्याचा क्रमांक १७ होता, २०१० पासून ६६ आहे) कर्नाळ्याच्या खिंडीपासून कशेडी घाटापर्यंत त्यांना वळणावळणाने पाठ. पण हा रस्ता समुद्राला लांब ठेवून जातो. नजर आहे तोवर अण्णांना किनाऱ्याकिनाऱ्याने न्यावे, असे मनात होते.

वडखळला आमची गाडी अलिबागकडे वळली, तसे ड्रायव्हरशेजारी बसलेले अण्णा चपापून म्हणाले, "महाड सरळ!"

रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईकडे निघालो आणि माडाच्या झावळ्या टपावर घासू लागल्या. मी मागून ओरडलो, "अण्णा, उजवीकडे बघा, समुद्र!"

"ओरडू नकोस. रस्ता अरुंद आहे, त्याचं लक्ष जाईल."

दक्षिणेकडे जाताना समुद्र ड्रायव्हरच्या बाजूला असतो, हे माझ्या आधी लक्षातच आले नव्हते. अण्णांना मान पुरती वळवावी लागे. ती ते वळवीत नव्हते.

आगरदांड्याला जंगलजेटीतून राजपुरीची खाडी ओलांडायची होती. ओहोटी लागलेली, त्यामुळे धक्क्याचा उतार चांगलाच उघडा पडला होता. ड्रायव्हर तरुण होता. तो गाडी चढवायला निघाला. अण्णा काठी टेकीत खाली उतरले. "थांब. हिचं शेपूट लांब आहे. पुढची चाकं बोटीवर चढली की मागचं खाली घासेल. पाणी चढू दे." मागच्या मोटारींची चुळबूळ सुरू झाली. मला, का कोण जाणे, लाज वाटली. आम्ही दोन फेऱ्या सोडल्या. पाणी चढल्यावर अण्णा गाडीच्या अंगाला हात लावून उभे राहिले. एक थाप, गाडी थांबे. दोन थापा, गाडी सरके. कंडक्टरच्या घंटेचाच तो हिशेब. गाडी न घासता बोटीवर गेली.

लाज मला पूर्वीही वाटलेली आहे. कॉलेजात असताना "वडील एस.टी.त आहेत" एवढेच मी सांगत असे, आणि ते अशा सुरात, की ऐकणाऱ्याला ते हेड क्लार्क वाटावेत.

रात्री हरिहरेश्वरला एका वाडीच्या आवारात मुक्काम केला. अण्णांसाठी खास मऊ बिछाना घातला होता. त्याला हात लावून ते हसले. "आमच्या वेळी मागची लांब सीट."

उमेदीच्या वर्षांत ते महाड आगारात होते. पोलादपूरकडच्या आडगावी वस्तीची गाडी न्यायची, रात्री गाडीतच झोपायचे आणि पहाटे पहिल्या फेरीचे उतारू घेऊन परतायचे. आम्ही पनवेलला, चार-चार दिवस त्यांचे तोंड दिसत नसे. घरी आले की ते झोपत, आणि आई आम्हाला हळू बोलायला लावी. त्यांनी किती रात्री मोटारीत काढल्या, याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता. आणि आज दामदुप्पट पैसे मोजून मी त्यांना पुन्हा मोटारीतच झोपायला आणले होते!

"थंडी वाजायची का हो तिथं?" मी विचारले. वयाची पंचेचाळिशी आली, पण हे मी आजवर विचारले नव्हते.

"पावसाळ्यात. टप गळायचं. मग मी नि कंडक्टर सीट बदलत बसायचो."

पहाटे जाग आली तेव्हा बिछाना रिकामा होता. घाबरून बाहेर आलो. अण्णा धोतराच्या सोग्याने पुढची काच पुसत होते. बोटांनी चाचपून, कडेपासून कडेपर्यंत. पलीकडे समुद्राचा आवाज चालला होता.

"पॅसेंजर उठले का?" त्यांनी विचारले.

"उठतायत," मी म्हणालो, आणि सौ.ला चहा टाकायला सांगण्यासाठी आत गेलो.