डाग कोठें, उगम कोठें

तेल जेथें ठिबकतें तेथूनच तें गळत असेल, असें मानण्याकडे आपल्या मनाचा स्वाभाविक ओढा असतो. हा ओढा किती महाग पडूं शकतो, हें गेल्या उन्हाळ्यांत इंग्लंडांत माझ्या पुतण्याकडे असतांना मीं पाहिलें.

त्यानें १९६३ सालची एम. जी. बी. ही दोन आसनांची उघडी मोटार हौसेनें घेतली आहे. या मोटारी ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असत. मोटार देखणी खरी. पण उभी राहील तेथें खालीं ताटाएवढा डाग पडे, आणि चालतांना जळक्या तेलाचा वास येई. सूनबाईंनीं स्पष्ट सांगितलें, “मुलाला मी हिच्यांत बसूं देणार नाहीं.” त्यांचें म्हणणें रास्तच होतें. तापलेल्या धुराच्या नळीवर पडलेलें तेल पेटूं शकतें.

तेल क्लचच्या घराच्या तळाशीं ठिबकत होतें. कारागिराचा निर्णय झाला, कीं इंजिन बाहेर काढलें पाहिजे. त्यालाही कारण होतें. १९६४ पूर्वींच्या या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला सील नाहीं; तेथें उलट आटे कापलेले असतात. शाफ्ट फिरत असतां ते तेलाला परत आंत लोटतात. तो थांबला, कीं पहारा उठतो आणि दोनचार थेंब बाहेर येतात. परंतु दोनचार थेंबांचा ताटाएवढा डाग कसा होईल?

खर्चाचा आंकडा ऐकून मोटार विकण्याची भाषा सुरू झाली. तेव्हां पुतण्या म्हणाला, “काका, आधीं नीट पाहूं तरी.” आम्हीं इंजिन बाहेरून धुऊन कोरडें केलें, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि तें चालू ठेवलें. पावडर प्रथम भिजली ती तळाशीं नव्हे, तर डाव्या अंगाला, टॅपेटांवरील पत्र्याच्या झांकणाच्या कडेला! तेथून निघालेलें तेल खालीं ओघळे आणि वाऱ्यानें मागें जाई.

झांकण उतरवितांच कारण कळलें. गळती थांबावी म्हणून पूर्वीं कोणीं तरी त्याचा बोल्ट फार आवळला होता. पत्रा वांकला होता आणि आंतील बुचाचें गॅस्केट चिरडून बाहेर आलें होतें. शिवाय त्याच झांकणावरील श्वासनळीची जाळी चिकट काजळीनें बुजली होती. पिस्टनांच्या बाजूनें खालीं उतरणाऱ्या वायूला वाट मिळेना, म्हणून तो सांध्यासांध्यांतून तेल बाहेर ढकली. आम्हीं जाळी रॉकेलनें धुतली, पत्रा ठोकून सपाट केला, नवें गॅस्केट बसविलें आणि बोल्ट बेतानेंच आवळला. कार्ब्युरेटर उतरविण्यांत व चढविण्यांत एक दिवस गेला; इंजिन मात्र जागचें हललें नाहीं.

वास गेला. डाग रुपयाएवढा राहिला. तेवढा त्या आट्यांचा हक्कच समजावयाचा. सूनबाईंनीं आपण होऊन खालीं एक जुनें ताट सरकविलें, आणि पुढच्या रविवारीं मुलगा बापाशेजारीं बसून फिरून आला.

पुष्कळ माणसांच्या घरांतही डाग बहुधा सर्वांत खालच्या जागीं दिसतो, आणि बोल ऐकावा लागतो तो धाकट्या सुनेला किंवा गड्याला. तेथेंही अधिक आवळण्यापूर्वीं वरची एखादी वाट बुजली नाहीं ना, हें पाहणें बरें.